पासवर्ड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी शब्द शिकवतोय, मदत आणि मतं हवीत (नाशिक)

पंचवटीकर

नवीन पासवर्ड टाकताना खाली जी लाल-पिवळी-हिरवी पट्टी येते तिच्याबद्दल हा धागा आहे. आम्ही पतसंस्थांसाठी सभासदांचं पोर्टल करतो, नाशिक शहर, निफाड, दिंडोरी, सिन्नर या पट्ट्यात, आणि त्या पट्टीमागचं सॉफ्टवेअर आपल्याकडच्या लोकांसाठी नीट करायचं काम सध्या चालू आहे. इथे कोडवाले आहेत, भाषेवाले आहेत, काउंटरवर बसणारेही आहेत म्हणून इथेच मांडतोय.

पाया म्हणून घेतलंय झेडएक्ससीव्हीबीएन, म्हणजे पासवर्ड किती भक्कम आहे ते मोजणारी तयार लायब्ररी. ड्रॉपबॉक्समधल्या डॅन व्हीलरने 2012 साली ते सगळ्यांसाठी खुलं केलं, 2016 ला त्याचा पेपर युझनिक्सच्या संगणक सुरक्षेच्या परिषदेत आला, वर्डप्रेस, पासवर्ड सांभाळून ठेवणारं बिटवॉर्डन यांनीही तेच वापरलंय. त्याची पद्धत मला मनापासून पटते. पासवर्डचे तुकडे पाडायचे, तुकडा शब्दकोशातला आहे का, तारीख आहे का, क्वर्टीसारखी कीबोर्डवरची ओळ आहे का, तेच अक्षर पुन्हा पुन्हा आलंय का हे बघायचं आणि फोडणाऱ्याला साधारण किती अंदाज लागतील ते मोजायचं. हजाराच्या आत असेल तर 0 गुण, दहा लाखांच्या आत 1, दहा कोटींच्या आत 2, हजार कोटींच्या आत 3 आणि त्याच्या वर 4.

गोची शब्दकोशात आहे. त्यातली नावं अमेरिकेच्या जनगणनेतली, शब्द इंग्रजी विकिपीडियातले आणि अमेरिकन टीव्ही-सिनेमातले, जोडीला फुटलेल्या याद्यांतले नेहमीचे पासवर्ड. ज्याची ओळख पटत नाही ते सगळं त्याच्या लेखी रँडम, दर अक्षरामागे दहा अंदाज धरून मोकळा होतो. आता सप्तशृंगी रोमनमधे लिहा, बारा अक्षरं होतात, दहाचा बारावा घात म्हणजे एक लाख कोटी अंदाज, पट्टी हिरवीगार आणि 4 पैकी 4. वणीच्या देवीचं नाव पासवर्डला लावणारे आपल्या जिल्ह्यात घरटी एक तरी निघतील. सभासदाला आपणच हिरवी पट्टी दाखवून निर्धास्त करतोय आणि ते खोटं आहे, हे मला चालत नाही.

म्हणून मराठी शब्दांचा वेगळा कोश बांधतोय, तो सगळ्यांसाठी खुला ठेवणार आहोत. काय काय घ्यायचं, कसं घ्यायचं, बोला.

अंबडचा_कोडर

काम चांगलंय पण एवढा घाट कशाला दादा? एक कॅपिटल, एक आकडा, एक स्पेशल कॅरेक्टर, किमान आठ अक्षरं, झाला नियम. ऑडिटला येणारे हेच विचारतात आणि चेकलिस्टमधे हेच असतं, मी ज्या तीनचार प्रोजेक्टवर काम केलं तिथे सगळीकडे हेच होतं आणि कुणी कधी हरकत घेतली नाही.

पंचवटीकर

@अंबडचा_कोडर, नाशिक ॲट 123 घे, एन कॅपिटल. कॅपिटल आहे, आकडे आहेत, स्पेशल आहे, दहा अक्षरं आहेत, तुझा नियम पूर्ण पास. आणि फोडणारा पहिल्या फटक्यात काय करून बघतो, तर शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी ॲट आणि 123. हॅशकॅट, जॉन द रिपर या पासवर्ड फोडायच्या टूलमधे असे साचे नियम म्हणून लिहून ठेवलेले असतात, यादी दिली की प्रत्येक शब्दावर ते आपोआप फिरतात.

आणि ज्यांनी हा नियम जगाला दिला त्यांनीच तो मागे घेतलाय. अमेरिकेच्या निस्टचा, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, 2003 च्या सुमाराला बिल बर यांनी लिहिलेला मसुदा, कॅपिटल-आकडा-चिन्ह आणि ठराविक दिवसांनी पासवर्ड बदला हे त्यातून पसरलं, आणि 2017 ला त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नवीन दस्तऐवज काढला, त्यात असे नियम लादू नका, उगाच दर तीन महिन्यांनी बदलायला लावू नका, त्यापेक्षा फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी आणि शब्दकोशाशी ताडून बघा असं आहे. 2025 च्या आवृत्तीत तर नुसता पासवर्डच कुलूप असेल तर किमान 15 अक्षरं सांगितलीत, सोबत ओटीपीसारखं दुसरं काही असेल तर 8 चालतात.

ऑडिटवाल्यांना हा कागद दाखवायचा. एका ठिकाणी आम्ही दाखवला, त्यांनी वाचला आणि मान्य केला.

निफाडकर_अनिल

हा प्रश्न तसा जुनाच आहे. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी केन थॉम्पसन आणि त्यांच्याबरोबर रॉबर्ट मॉरिस यांनी 1979 ला 3,289 पासवर्ड तपासले होते, त्यातले 86 टक्के एकतर अगदी आखूड नाहीतर शब्दकोशात सापडणारे निघाले. 1990 च्या दशकात ॲलेक मफेटचं क्रॅक आणि मग क्रॅकलिब आलं, लिनक्समधे पासवर्ड बदलताना हा शब्दकोशातला शब्द आहे म्हणून जे अडवतं ना ते त्याच घराण्यातलं. म्हणजे शब्दकोशाशी ताडायचं हे चाळीस वर्षांहून जास्त काळ माहीत आहे, फक्त कोश कुणाचा हा प्रश्न आपण कधी विचारला नाही. म्हणून मला हे काम महत्त्वाचं वाटतं.

कोशात द्राक्षांच्या जाती टाका. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, शरद सीडलेस. आमच्याकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीत द्राक्षच असतं.

पंचवटीकर

वा अनिलभाऊ, हे आमच्या डोक्यात नव्हतं, लगेच घेतो.

आत्तापर्यंत कोशात काय आहे ते सांगतो. जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांची आणि मोठ्या गावांची नावं, शहरातले भाग म्हणजे पंचवटी, सातपूर, सिडको, इंदिरानगर, देवळाली, गंगापूर रोड, देवस्थानं, नद्या, धरणं, किल्ले, संतांची नावं, मराठी मुलामुलींची नावं, आडनावं, घरातली हाक मारायची नावं (बाळा, सोन्या, छकुली, पिंट्या, माऊ), सण, आणि जय लागून येणारं सगळं. शिवाय एमएच 15 आणि त्यामागे गाडी नंबर, आणि 422 ने सुरू होणारे पिनकोड.

लोकांचे खरे पासवर्ड आम्ही बघत नाही, साठवत नाही, गोळाही करत नाही. शब्द उघड्यावरच्या याद्यांतून आणि तुमच्यासारख्यांच्या डोक्यातून येतील, सभासदांच्या खात्यातून नाही. यावर कुणी कितीही सोपा रस्ता सुचवला तरी आम्ही जाणार नाही.

सिडकोची_सायली

नमस्कार, मी एका पतसंस्थेत काउंटरला आहे, पोर्टल आमच्याकडेही आलंय (तुमचंच आहे की दुसऱ्या कुणाचं ते लिहीत नाही). मला कोडमधलं कळत नाही पण रोज बघते ते सांगते. साठीच्या पुढचे काका-मावश्या मोबाइल माझ्यासमोर धरतात, सायलीताई तूच टाक म्हणतात, मी नाही म्हटलं की मोठ्याने पासवर्ड बोलत बोलत टाइप करतात. बहुतेकदा नातवाचं नाव आणि त्याचं जन्मसाल. मग खाली येतं "कमकुवत". मावशी विचारतात म्हणजे काय गं, काय करू आता, आणि स्क्रीनवर पुढे काहीच नसतं. मग त्या शेवटी एक 1 लावतात, पट्टी पिवळी होते, झालं.

तर कोश मोठा करा पण त्या पट्टीने बोलायलाही पाहिजे. काय चुकलं आणि काय केलं तर चालेल, साध्या मराठीत.

पंचवटीकर

सायलीताई, हा मुद्दा कोशाइतकाच मोठा आहे, आणि यावर अभ्यासही झालाय. कार्नेगी मेलनमधल्या गटाने 2012 पासून पासवर्ड मीटरवर बरंच काम केलंय, ब्लेझ उर आणि बाकीच्यांचं, 2017 ला त्यांनी एक मीटर केलं ते नुसता रंग न दाखवता या पासवर्डात नेमकं काय सोपं आहे ते वाक्यात सांगतं आणि थोडा बदल करून पर्याय सुचवतं. झेडएक्ससीव्हीबीएनमधेही सूचना आहेत पण इंग्रजीत, आणि त्यांचं शब्दशः भाषांतर करून ठेवलं तर मावशींना तेही कळणार नाही.

आमचा सध्याचा मजकूर असा आहे: "यात नाव आणि जन्मसाल आहे. ओळखीच्या माणसाला हे लगेच सुचेल. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द लिहून बघा." तुम्ही काउंटरला दोनचार जणांना वाचून दाखवाल का आणि कुठे अडखळतात ते सांगाल का?

अंबडचा_कोडर

ठीक आहे, निस्टचं वाचलं, नियमाचा मुद्दा सोडतो. पण मग फुटलेले पासवर्ड गोळा करून ठेवणाऱ्या हॅव आय बीन पोन्ड या साइटची यादी का नको? ट्रॉय हंटने ऑगस्ट 2017 ला काढली तेव्हाच 30 कोटी 60 लाख पासवर्ड होते, आता कितीतरी जास्त. त्यात आपले लोकही असणारच. मराठी कोश हाताने बांधत बसायची गरज काय?

पंचवटीकर

ती यादी आम्ही वापरतोच, दोन्ही हवंय. ज्यांना शंका असते की पासवर्ड बाहेर पाठवला जातो का, त्यांच्यासाठी सांगतो. पासवर्डाचा एसएचए-1 हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड थेट काढता येत नाही असा सांकेतिक ठसा, काढला की 40 अक्षरं येतात, त्यातली फक्त पहिली 5 पाठवायची. त्या पाचांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात, उरलेली 35 अक्षरं आपण आपल्याकडेच ताडायची. पहिल्या पाचांचे 10,48,576 गट होतात, त्यातल्या एका गटात काहीतरी विचारलं एवढंच त्यांना कळतं. ही सोय फेब्रुवारी 2018 पासून आहे. ज्या संस्थेला बाहेर काहीच पाठवायचं नाही तिने पूर्ण यादी उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी.

पण ती यादी अचूक जुळणी बघते. कुणीतरी कधीतरी वापरलेला आणि फुटलेला पासवर्ड असेल तरच सापडेल. सिंहस्थ 2027 असं कुणी आज ठेवलं आणि ते अजून कुठे फुटलेलं नसेल तर यादी गप्प बसेल, पण नाशिकच्या माणसाचा पासवर्ड फोडायला बसलेला पहिल्या पन्नासात ते करून बघेल.

आणि साल म्हटलं म्हणून. झेडएक्ससीव्हीबीएनची शेवटची आवृत्ती 2017 ची आहे, त्यात साल ओळखायचा जो नियम आहे तो 19 ने सुरू होणारे आकडे आणि 2000 ते 2019 एवढंच ओळखतो. त्यामुळे 2015 च्या कुंभाचं साल लावलं तर त्या तुकड्याला पन्नासच्या आसपास अंदाज धरले जातात आणि 2027 लावलं तर तोच तुकडा हजारांच्या घरात जातो. म्हणजे येणारं साल लावणाऱ्याला फुकटचे गुण. आम्ही 2039 पर्यंत वाढवलंय. टाइपस्क्रिप्टमधे जे नवीन रूप आहे, झेडएक्ससीव्हीबीएन-टीएस, त्यात जर्मन, फ्रेंच, पोलिश, जपानी अशी भाषांची पॅकेजं वेगळी जोडता येतात, त्याच साच्यात मराठी बसवायचा विचार आहे.

बाराखडी

मी भाषेकडून येते. रोमनमधे मराठी लिहायची एक पद्धत नाहीच, हे कसं सोडवताय? विठ्ठल कुणी एक टी लावून लिहितं, कुणी दोन, कुणी टीएच दोनदा. ज्ञानेश्वर डीएनवायने लिहिणारे आहेत, जीवायने आहेत, जेएनने आहेत. शिव व्हीने आणि डब्ल्यूनेही. आई म्हणजे एक ए की दोन? ळ तर एलच होतो, वाळू आणि वालू एकच दिसतात. प्रत्येक रूप कोशात घालायचं तर कोश वीस पटींनी फुगेल.

पंचवटीकर

याच जागी सगळ्यात जास्त वेळ जातोय, बाराखडीताई.

सगळी रूपं घालून बघितली, फाइल खरंच फुगते. मूळ लायब्ररीच 800 केबीच्या आसपास, दाबून निम्मी होते, आणि पेठ-सुरगाण्याला नेटवर्क कसं आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तिथे फॉर्म उघडायलाच वेळ लागला तर सभासद निघून जातो. म्हणून आता उलटं करतोय. पासवर्डाचा एक सांगाडा काढायचा: दोन ए चा एक, दोन ई चा आय, दोन ओ चा यू, डब्ल्यूचा व्ही, टीएच-डीएच-बीएचमधला एच काढायचा, जोड अक्षर एकदाच, डीएनवाय आणि जेएन दोन्हीचं जीवाय. कोशातल्या शब्दांचाही असाच सांगाडा आधी काढून ठेवायचा आणि सांगाड्याला सांगाडा ताडायचा.

यात दोन भानगडी. एक, मूळ लायब्ररीला जुळलेला तुकडा कुठल्या अक्षरापासून कुठल्या अक्षरापर्यंत आहे ते सांगावं लागतं, आणि सांगाडा आखूड झाल्यामुळे जागा सरकतात, म्हणून प्रत्येक अक्षर मूळ कितव्या जागेवरून आलं ते सोबत बाळगावं लागतं. ते झालंय. दुसरी, स्पेलिंग वेगळं असेल तर फोडणाऱ्याला थोडे जास्त अंदाज लागतात हे खरं आहे, ते गुण सभासदाला द्यायला हवेत. मूळ लायब्ररी कॅपिटल अक्षरांसाठी आणि ए च्या जागी ॲट लिहिणाऱ्यांसाठी असा गुणाकार करते, आम्ही स्पेलिंगसाठी तसाच करतोय, पण किती पट धरायचा यावर अजून एकमत नाही. मी चार म्हणतो, सहकारी दहा म्हणतो.

बाराखडी

चारच्या बाजूने मी. लोक स्पेलिंग मनाला येईल तसं करत नाहीत, एका नावाची दोन-तीन रूपंच खरी चालतात.

पण सरळ देवनागरीत पासवर्ड टाकला तर? आता फोनवर मराठी कीबोर्ड सगळ्यांकडे आहे.

निफाडकर_अनिल

देवनागरीत एक खड्डा आहे तो सांगतो कारण बऱ्याच ठिकाणी तपासलेला नसतो. पासवर्ड साठवताना त्याचा हॅश काढायला बऱ्याच ठिकाणी बीक्रिप्ट वापरतात, ते पहिले 72 बाइटच बघतं. इंग्रजी अक्षर एक बाइट, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे 24 चिन्हांत खेळ संपला. "गोदावरीच्या काठावर आमचं गाव" हे मोजून बघा, 24 देवनागरी चिन्हं आणि तीन स्पेस, 75 बाइट. शेवटचा व तपासलाच जात नाही. गाव च्या जागी गाय लिहिलं तरी लॉगिन होतं. पीएचपीचं नेहमीचं फंक्शन गुपचूप कापतं, गो भाषेची लायब्ररी निदान एरर देते. आणि पट्टी मात्र पूर्ण वाक्याचे गुण देत असते.

पंचवटीकर

बरोबर. आम्ही त्यासाठीच आर्गॉन2 या दुसऱ्या हॅश पद्धतीवर गेलो, 2015 च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत जिंकलेलं, त्याला ही 72 ची अडचण नाही. ज्यांना बीक्रिप्ट सोडता येत नाही त्यांनी निदान लांबी बाइटमधे तपासून सभासदाला आधीच सांगावं.

बाराखडी

आणि ऱ्य? तेही बघा. सह्याद्रीतल्या दऱ्या हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडणीचं चिन्ह आणि य असं टाकतात, काही नुक्तावाला ऱ, हलन्त, य. स्क्रीनवर हुबेहूब एकच, आत कोड वेगळे. ॲ चंही तेच, एक अखंड ॲ आहे आणि एक अ वर चंद्र ठेवून केलेला. पासवर्ड फोनवर ठेवला आणि कंप्युटरवर टाकला तर चूक दाखवणार, आणि माणूस बिचारा तेच तेच अक्षर बरोबर टाकतोय. युनिकोडची जी नेहमीची नॉर्मलायझेशन आहे, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करायची पद्धत, ती या दोन्ही जोड्या एक करत नाही.

पंचवटीकर

हे आमच्या टेस्टमधे नव्हतं. नॉर्मलायझेशन लावलंय म्हणजे झालं असं धरलं होतं सगळ्यांनी. आज दोन्ही जोड्या टाकून पाहिल्या, तुम्ही म्हणता तसंच होतंय. नॉर्मलायझेशनच्या पुढे आपला एक नियम लागेल, ऱ्य ची दोन्ही रूपं एक आणि ॲ ची दोन्ही रूपं एक, आणि तो हॅश काढायच्या आधी लावायचा, ठेवताना आणि तपासताना दोन्ही वेळा. ताई, अजून अशा जोड्या माहीत असतील तर सगळ्या लिहा, प्लीज.

देवळाली_कॅम्प

सगळं वाचलं. एक काळजी वाटते. हा कोश तुम्ही खुला करणार म्हणता. म्हणजे नाशिकच्या लोकांचे पासवर्ड फोडायला आयती यादी दिल्यासारखं नाही का?

पंचवटीकर

प्रश्न रास्त आहे, आम्हीही यावर बोललोय. गावांची, देवांची, नावांची यादी बनवायला फोडणाऱ्याला एक संध्याकाळ पुरते, आणि चांगलं ग्राफिक कार्ड असेल तर एमडी5 सारखे जुने हॅश सेकंदाला 100 अब्जाच्या वर तपासले जातात, त्याला नेमक्या यादीची गरजही फारशी पडत नाही. त्याच्याकडे हे आहेच. नाही ते पोर्टल बनवणाऱ्यांकडे. खुला ठेवला तर जळगाव, नगर, धुळ्यातली माणसं त्यात आपले शब्द घालतील.

एक गोष्ट मात्र खुल्या कोशात जाणार नाही. सभासदाचं स्वतःचं नाव, मोबाइल, जन्मतारीख, सभासद क्रमांक, गाव हे त्या क्षणापुरतं तपासायला दिलं जातं आणि सोडून दिलं जातं. यात नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल हा साचा वेगळा घातलाय, कारण ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड तसाच असतो आणि तो लोकांच्या हाताला इतका बसलाय की दुसरीकडेही तोच टाकतात.

मालेगावचा_मास्तर

एमएच 41 विसरू नका, मालेगावची गाडी 15 ची नसते. आणि कसमादे पट्ट्यातली अहिराणी घ्या, कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. घरातली नावं आमच्याकडे वेगळी, हाकाही वेगळ्या. उर्दू नावंही लागतील, त्यांची रोमन स्पेलिंगं तर अजून जास्त फिरतात, मोहम्मदचीच किती रूपं आहेत. मी शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना घेऊन बसतो आणि यादी करून देतो, विद्यार्थ्यांच्या हजेरीपटातून काही घेणार नाही, स्वतःच्या आठवणीतून लिहू.

पंचवटीकर

मास्तर, मनापासून आभार. उर्दू नावांसाठी सांगाड्याचे नियम वेगळे लागतील, क्यू आणि के, झेड आणि जे, ते तुम्ही उदाहरणांसकट लिहिलंत तर आम्ही नियम करतो.

सिडकोची_सायली

तुमचा मजकूर काउंटरला पाच-सहा जणांना वाचून दाखवला. "ओळखीच्या माणसाला हे लगेच सुचेल" हे सगळ्यांना कळलं, एका काकांनी तर लगेच नातवाचं नाव खोडलं. "एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द" इथे सगळे थांबले. एक मावशी म्हणाल्या संबंध नसलेले म्हणजे कुणाशी? मग मी म्हटलं घरातली एक वस्तू, एक भाजी, एक प्राणी आणि एक रंग, पण रोजच्यातलं पहिलं सुचतं ते नको. लगेच जमलं त्यांना. फक्त नंतर त्यांनी ते मला मोठ्याने सांगितलं.

पंचवटीकर

तुमचंच वाक्य घेतोय. पण सगळ्यांना तेच चार गट दिले तर सगळे कांदा आणि लाल घेतील, म्हणून गट दर वेळी बदलते ठेवतो, कधी भांडं, कधी झाड, कधी हत्यार, आणि हे नेहमीचे शब्द कोशात वरच्या क्रमांकाला. आणि त्याच चौकटीत वर एक ओळ टाकतोय: "हा पासवर्ड कोणालाही सांगू नका, काउंटरवरच्या कर्मचाऱ्यालाही नाही." चालेल ना?

सिडकोची_सायली

चालेल. जरा मोठ्या अक्षरात टाका, चष्मा घरी राहिलेला असतो.